फोर्झा होरायझन ५: उडीनंतर ट्रक उसळतो, सस्पेन्शन कसं लावायचं?

मावळमोटार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२९ एप्रिल २०२५ ला फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम प्लेस्टेशन ५ वर आला. तेव्हापासून खेळतोय. डांबरी रस्त्यावरच्या शर्यती जमतात, पण जीव रमतो तो क्रॉस-कंट्रीत, म्हणजे रस्ता सोडून रानावनातून जाणाऱ्या शर्यतींत. त्यातही माझी आवडती गाडी २०१७ ची फोर्ड एफ-१५० रॅप्टर. ए क्लासमध्ये, म्हणजे गेमच्या कामगिरी गुणांत ८०० च्या आत बसवली आहे. ऑफ-रोड टायर, रॅली सस्पेन्शन, पुढे-मागे बदलता येणारे अँटीरोल बार (वळताना गाडीचं कलणं कमी करणारे दांडे), रेस डिफरन्शियल (चाकांमध्ये ताकद वाटणारा भाग), आणि उरलेल्या गुणांत इंजिनाची थोडी कामं.

अडचण अशी. गेमच्या नकाशावरच्या होरायझन बाहाच्या बाजूला मोकळ्या वाळवंटात ट्रक सपाटीवर सुरेख पळतो. उंचवट्यावरून उडून उतरला की आधी पोट आपटतं, मग मागचा भाग वर फेकला जातो, आणि दुसऱ्यांदा टेकतो तेव्हा ट्रक तिरका झालेला असतो. लागोपाठच्या लहान उंचवट्यांवर तर ताशी १२० किलोमीटरच्या पुढे स्टीअरिंग हातात राहतच नाही.

सध्या स्प्रिंग सगळ्यात मऊ, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) सगळ्यात वर, रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत सुटताना शॉकअपचा अडसर) आणि बंप (दबताना तोच अडसर) दोन्ही तळाला आहेत. बहुतेक व्हिडिओंमध्ये "ऑफ-रोडला सगळं मऊ ठेवा" एवढंच सांगतात. दुसऱ्यांच्या ट्यून, म्हणजे गाडीच्या तयार मांडण्या, उतरवून घेतल्या, त्यातल्या काही फारच छान आहेत. पण उतरवलेली ट्यून कुलूपबंद असते, आतले आकडे दिसत नाहीत. मला तयार ट्यून नको आहे. कशामुळे काय होतं ते समजून घ्यायचं आहे.

---

धुळवड

स्वागत! मी होरायझन ३ पासून ट्रकच चालवतो, त्यामुळे धागा पाहून आनंद झाला.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. टायरमधली हवा १.२ ते १.५ बारच्या दरम्यान ठेवा. अगदी तळाला, १ बारवर नेलीत तर वळताना उत्तर उशिरा मिळतं. कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे अर्धा अंश, मागे त्याहून कमी. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य. अँटीरोल बार १ ते ६५ च्या पट्टीवर पुढे १० च्या आसपास, मागे तेवढाच किंवा जरासा जास्त. बार कडक असेल तर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या बाजूच्या चाकालाही पोचतो, आणि खडबडीत जमिनीवर दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे काम करायला हवं.

तुमची खरी अडचण मात्र यापैकी कशातच नाही, डॅम्परमध्ये, म्हणजे शॉकअपमध्ये आहे. रिबाउंड तळाला असेल तर ट्रक उसळणारच. माझा अनुभव असा की रिबाउंड नेहमी बंपपेक्षा जास्त हवा, बंप त्याच्या साधारण ६०-७० टक्के. यामागचं शास्त्र मला नीट मांडता येणार नाही. कमानपाटा इथे असतील तर त्यांनी लिहावं, त्यांचा तो रोजचा विषय आहे.

---

कमानपाटा

हाक मारलीत, आलो. चाकणच्या पट्ट्यात सस्पेन्शन चाचणीचं काम करतो, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा. जरा लांब लिहितो.

शॉकअप गेलेली स्कूटर स्पीडब्रेकरवरून गेल्यावर पुढे दोन-तीन उड्या मारत राहते, ते सगळ्यांनी पाहिलंय. तिची स्प्रिंग शाबूत असते. धक्का साठवून ठेवणं आणि परत देणं एवढंच स्प्रिंगला येतं. धक्का जिरवतो तो डॅम्पर. तो तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत घालवतो. मावळमोटार यांनी गेममध्ये जिरवणारा भाग जवळजवळ बंद करून ठेवला आहे.

आता आकड्यांत. खरी २०१७ ची रॅप्टर साधारण अडीच टनांची. पुढच्या चाकांना वर-खाली व्हायला १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर मिळतात, मागच्यांना १३.९ इंच. हिशोबाला सगळीकडे ३३ धरू, आणि वजन चारही चाकांवर सारखं, म्हणजे प्रत्येकी ६२५ किलो.

दीड मीटर उंचीवरून हा ट्रक सपाटीवर पडला तर टेकेपर्यंत सुमारे ३७ किलोज्यूल ऊर्जा येते. सस्पेन्शन दबत असताना ट्रक आणखी ३३ सेंटिमीटर खाली येतो, त्याचे ८. एकूण ४५ किलोज्यूल.

स्प्रिंग अशी निवडली की ट्रकची नैसर्गिक लय सेकंदाला दीड हेलकावा यावी, तर प्रत्येक कोपऱ्याला साधारण ५.७ किलोग्रॅम-बल प्रति मिलिमीटर लागतात. अशा चार स्प्रिंग पूर्ण दबल्या तर मिळून १२ किलोज्यूल साठवतात. म्हणजे ४५ पैकी १२. उरलेले ३३ डॅम्परने खायचे. त्याने नाही खाल्ले, तर शेवटचा रबरी थांबा आणि चासी खातात. तुमचं पोट आपटतं ते हे.

स्प्रिंग आणखी मऊ करून सेकंदाला एक हेलकावा केला तर? मग त्या जेमतेम ५ किलोज्यूल घेतात. वर दुसरा तोटा असा की उभ्या ट्रकच्या वजनानेच सस्पेन्शन २५ सेंटिमीटर दबतं आणि धक्क्यासाठी फक्त ८ उरतात. दीड हेलकाव्याच्या स्प्रिंगवर ते ११ च दबतं, २२ हाताशी राहतात. गेममध्ये राइड हाइट वेगळी लावता येते, म्हणून उभ्या गाडीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. उतरताना मात्र जाणवतो.

आता उसळी. त्या साठलेल्या १२ किलोज्यूलचं काय होतं? अडीच टनांचा ट्रक पूर्ण दबलेल्या अवस्थेतून जवळजवळ अर्धा मीटर वर उचलायला ते पुरेसे आहेत. रिबाउंड तळाला असेल तर अडवायला कोणी नाही, चाकं पुन्हा जमीन सोडतात. पिकअपचा हौदा रिकामा आणि इंजिन पुढे, त्यामुळे मागचा भाग हलका आणि आधी उडतो. पुढचं चाक टेकलेलं, मागचं हवेत, अशा वेळी स्टीअरिंग जराही वळलेलं असेल तर ट्रक फिरणारच.

म्हणून माझा क्रम: आधी स्प्रिंग मधल्या पट्ट्यात आणा. पुढच्या-मागच्याचं गुणोत्तर वजनाच्या टक्केवारीवरून काढा. गेम पुढचं वजन दाखवतो. ते ५५ टक्के असेल आणि पुढे ६.० लावलं असेल, तर मागे ६.० गुणिले ४५ भागिले ५५, म्हणजे ४.९. मग बंप एकेक पायरी वाढवा, पोट आपटणं थांबेपर्यंत. मग रिबाउंड, दुसरी उसळी थांबेपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि उडी तीच, वेगही तोच ठेवा.

---

तिसरागिअर

कमानपाटा, मांडणी आवडली. पण एक शंका. हा सिम्युलेटर नाही, खेळायला सोपा केलेला गेम आहे. खऱ्या रॅप्टरचं गणित इथे लागू पडतं हे कशावरून? माझा अनुभव आहे की समुदायात फिरणारी सूत्रं (पट्टीची लांबी गुणिले वजनाची टक्केवारी वगैरे) वापरली की वेळ सुधारते. सूत्र कामाला येत असेल तर भौतिकशास्त्र कशाला?

---

रानवाट

याचं उत्तर मोजून देता येतं, तिसरागिअर. मी पीसीवर खेळते. सेटिंगमध्ये डेटा आउट चालू केलं की गेम प्रत्येक चाकाची माहिती यूडीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, बाहेर पाठवतो. त्यात सस्पेन्शन किती दबलंय याचा आकडा असतो: ० म्हणजे चाक पूर्ण लोंबकळतंय, १ म्हणजे पूर्ण दबलंय. मी छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून त्याचा आलेख काढते.

काल मावळमोटार यांची मांडणी माझ्या रॅप्टरवर लावून पाहिली. उतरताना चारही चाकं १ ला जाऊन चिकटतात, आणि लगेच मागची दोन थेट ० वर. म्हणजे तळ गाठला आणि मग हवेत गेली. कमानपाटांनी सांगितलं तसंच. बंप वाढवला तसं टोक १ च्या खाली आलं. रिबाउंड वाढवल्यावर मागची चाकं ० ला जाणं थांबलं.

आकडे हुबेहूब खऱ्या ट्रकचे नसतीलही. बंप कमी म्हणजे आपटणं, रिबाउंड कमी म्हणजे उसळणं, ही दिशा मात्र गेममध्ये तीच आहे. सूत्रांबद्दल सांगायचं तर, पट्टीची दोन टोकं प्रत्येक गाडीला वेगळी असतात. सूत्र सुरुवातीचा बिंदू देतं. तिथून पुढे कुठल्या दिशेला जायचं, हे त्यात नसतं.

कन्सोलवर असाल तर गेममधल्या टेलिमेट्रीत (गाडी चालू असताना तिचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यात) सस्पेन्शनचं पान आहे. शर्यतीत ते बघत बसणं शक्य नाही. मोकळ्या भटकंतीत एकच उडी निवडा आणि दुसऱ्या कोणाला तरी पडदा बघायला बसवा. आमच्याकडे हे काम माझी धाकटी बहीण करते आणि फार आवडीने करते.

---

धुळवड

रानवाट ताई, हे सोनं आहे. तो आलेख इथे टाकाल का? आणि एक विचारतो: रिबाउंड किती वाढवायचा याला वरची मर्यादा दिसली का? माझ्या ट्रकला फार वाढवला की लहान उंचवट्यांच्या रांगेत तो खाली बसत जातो.

---

कमानपाटा

धुळवड, ज्याने भले भले ट्यूनर चकतात ते नेमकं तुम्ही पकडलंत. आमच्या कामात याला 'पॅक होणं' म्हणतात.

उंचवटे १० मीटरच्या अंतराने आहेत आणि वेग ताशी १२०, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मग सेकंदाला तीनहून जास्त धक्के, दर ०.३ सेकंदाला एक. त्यातला निम्मा वेळ चाक वर जाण्यात जातो. खाली परत यायला उरतात ०.१५ सेकंद. रिबाउंड फार कडक असेल तर एवढ्या वेळात चाक पूर्ण खाली येत नाही. पुढचा धक्का येतो तेव्हा सस्पेन्शन आधीच थोडं दबलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या उंचवट्यापर्यंत हालचालच शिल्लक राहत नाही आणि ट्रक लाकडी गाड्यासारखा कडक होतो. खेळणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे. तो ती आणखी मऊ करतो, आणि प्रकरण बिघडतं.

म्हणून दोन चाचण्या वेगळ्या करा. एक मोठी उडी: तिथे दुसरी उसळी दिसली तर रिबाउंड कमी आहे. दुसरी, लहान उंचवट्यांची रांग: तिथे ट्रक रांगेच्या सुरुवातीला छान आणि शेवटाकडे बिघडत गेला तर रिबाउंड जास्त आहे. सुरुवातीपासूनच थडथडत असेल तर बंप जास्त. या मधल्या जागेत तुमचा आकडा आहे.

---

सानदिएगोकर

धागा वाचून राहवलं नाही. मूळचा सांगलीचा, आता मेक्सिकोतल्या बाहाच्या सीमेपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर राहतो. एन्सेनादाला जाऊन खऱ्या ट्रॉफी ट्रकच्या, म्हणजे वाळवंटी शर्यतींसाठी बांधलेल्या ट्रकच्या, शर्यती रस्त्याकडेला उभं राहून पाहिल्या आहेत. चाकं वर-खाली इतक्या वेगाने नाचतात की नीट दिसत नाहीत, आणि ट्रकचं धड वाटेला समांतर तरंगत जातं. ते पाहिल्यावर डॅम्पर म्हणजे काय हे पोटात उतरतं.

तिथल्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीची पहिली फेरी १९६७ साली तिहुआना ते ला पाझ अशी झाली. ट्रॉफी ट्रक हा वर्ग १९९४ चा. या ट्रकच्या मागच्या चाकांना दोन-अडीच फूट हालचाल असते आणि शॉकअपला बाहेरून नळ्या दिसतात, त्या बायपास नळ्या. मधल्या पट्ट्यात तेल या नळ्यांतून वळसा घालून सहज जातं, त्यामुळे लहान खड्ड्यांवर शॉकअप मऊ असतो. पिस्टन शेवटाकडे गेला की नळीचं तोंड मागे पडतं, तेलाला पिस्टनच्या भोकांतूनच जावं लागतं आणि शॉकअप एकदम कडक होतो. लहान धक्क्याला मऊ, मोठ्या उडीला कडक, एकाच शॉकअपमध्ये. खऱ्या २०१७ च्या रॅप्टरच्या फॉक्स शॉकअपमध्येही हीच कल्पना आहे, फक्त बायपास आतल्या आत.

फोर्झात बंपला एकच आकडा मिळतो. म्हणून इथे तडजोड अटळ आहे, आणि ती शर्यत पाहून करावी लागते. गेममधल्या द टायटनसारखी लांब क्रॉस-कंट्री असेल तर मी लहान खड्ड्यांच्या बाजूने झुकतो, बंप एक पायरी कमी, आणि मोठ्या उड्यांना वेग थोडा सोडतो. छोट्या शर्यतीत एक-दोन उड्याच निकाल ठरवत असतील तर उलट.

ज्यांना हे सुटं सुटं करून पाहायचंय त्यांनी बीमएनजी ड्राइव्ह हा गाडी चालवण्याचा सिम्युलेटर घ्यावा. त्यातल्या काही रेस डॅम्परांना संथ आणि जलद हालचालीचे आकडे वेगळे असतात. जॉन्सन व्हॅलीच्या नकाशावर वाळवंटी ट्रक घेऊन एक संध्याकाळ घालवा, फोर्झातला तो एक आकडा काय काय सांभाळतोय ते कळेल.

---

तिसरागिअर

रानवाट यांच्या पद्धतीने मीही टेलिमेट्री पाहिली. दिशेबद्दल पटलं. सूत्र मी सोडणार नाही, पण आता त्याचा उपयोग पहिल्या पाच मिनिटांपुरता.

डिफरन्शियलवर कोणीच लिहिलं नाही, ते मी लिहितो. ऑल-व्हील (चारही चाकांना ताकद असलेल्या) ट्रकला पुढचा ॲक्सिलरेशन लॉक (गॅस दिल्यावर दोन्ही बाजूंची चाकं किती एकत्र बांधली जातात तो आकडा) २५-३५ टक्के, मागचा ६०-७०, मधला ताकदीचा हिस्सा मागे ६५-७०. डिसेलरेशन (गॅस सोडल्यावरचा लॉक) पुढे ०, मागे १०-१५. पुढचा लॉक फार वाढवला की गॅस दिल्यावर ट्रक वळायलाच तयार होत नाही. गिअरमध्ये फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना लागू होणारं शेवटचं गुणोत्तर) जरा आखूड करा. क्रॉस-कंट्रीत सर्वोच्च वेग क्वचितच लागतो, झाडाझुडपांतून वेग परत मिळवणं सतत लागतं.

---

मावळमोटार

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेला. सध्या कुठे पोचलोय ते लिहितो. आकडे माझ्या बांधणीचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका.

स्प्रिंग पट्टीच्या साधारण एक तृतीयांशावर, मागची वजनाच्या गुणोत्तराने कमी. रिबाउंड पुढे ७.५, मागे ७. बंप पुढे ४.८, मागे ४.५. अँटीरोल पुढे ९, मागे १२. हवा १.३ बार. मोठ्या उडीला पोट अजून हलकं घासतं, पण दुसरी उसळी गेली. आणि मजा म्हणजे आता ट्रक टेकताक्षणी गॅस देता येतो. आधी ट्रक स्थिर होण्याची वाट पाहावी लागायची, तो वेळ वाचतोय.

दोन प्रश्न उरलेत. राइड हाइट अजून सगळ्यात वर आहे, ती तशीच ठेवू? आणि पावसाळी हंगामात चिखलाच्या वाटांवर यातलं काय बदलायचं?

---

रानवाट

राइड हाइट थोडी खाली आणा. सगळ्यात वर ठेवलं की दबायला जागा मिळते, पण लोंबकळायला उरत नाही. उंचवट्याच्या माथ्यावर चाकाला जमिनीचा पाठलाग करायला खाली जागा लागते, ती नसेल तर चाक लवकर सुटतं. शिवाय उंच ट्रक वळताना जास्त कलतो. माझा ट्रक वरच्या टोकाच्या थोडा खाली असतो.

---

धुळवड

इथे मी रानवाट ताईंशी सहमत नाही. मी राइड हाइट पूर्ण वरच ठेवतो, कारण क्रॉस-कंट्रीत दगड आणि भिंतीही लागतात, आणि पोट अडकलं की शर्यत गेली. कलणं मागच्या अँटीरोलने सांभाळता येतं. मावळमोटार, दोन्ही लावून त्याच उडीवर पाहा. ट्यूनच्या दोन प्रती वेगळ्या नावाने जतन करून ठेवा म्हणजे तुलना सोपी जाईल.

चिखलासाठी डॅम्परला हात लावू नका. चिखलात वेगच कमी असतो, त्यामुळे धक्केही सौम्य. मागचा डिफरन्शियल लॉक पाच-दहा टक्के कमी करा, ताकदीचा हिस्सा थोडा पुढे आणा, आणि पहिले दोन गिअर लांब करा म्हणजे चाकं जागच्या जागी फिरत बसत नाहीत. हंगाम दर गुरुवारी आपल्याकडे रात्री आठला बदलतो. ओला हंगाम लागला की त्याच रात्री मोकळ्या भटकंतीत वाटा पाहून घ्या, कुठे पाणी साचलंय ते कळतं. पाण्यात ट्रक एकदम अडखळतो, आणि तिथे कुठलीच ट्यून मदत करत नाही, वाटच बदलावी लागते.

---

कमानपाटा

राइड हाइटच्या वादात दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघे वेगळ्या जमिनीसाठी बोलत आहेत. दगड-भिंती असतील तर धुळवड, उघडी वाळू आणि लाटांसारखे उंचवटे असतील तर रानवाट. फक्त एक ध्यानात ठेवा: राइड हाइट खाली आणलीत की दबायची जागा घटते, म्हणून बंप अर्धी पायरी वाढवून पुन्हा मोठी उडी तपासा. मावळमोटारांचं पोट आत्ताच घासतंय, त्यांनी तर नक्कीच.

---

सानदिएगोकर

रॅप्टर मनासारखा बसला की १९९३ चा टोयोटा टी-१०० बाहा ट्रक घेऊन पाहा, तोही गेममध्ये आहे. त्याला रॅप्टरचे आकडे मुळीच लावू नका. तो मुळातच वाळवंटासाठी बांधलेला आहे, त्यामुळे पहिल्या फेरीत काहीही न बदलता तीच उडी, तोच वेग. मग टेलिमेट्री बघून इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.